सल्ला नको, ओव्हर घ्यायला माणूस हवा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या पुरवणीत ताण कमी करण्यावर जो लेख आला तो मी पूर्ण वाचला. लिहिणाऱ्यांचा हेतू चांगला आहे, त्याबद्दल काही म्हणायचं नाहीये. पण सकाळी लवकर उठून चाला, ध्यान करा, मोबाईल लांब ठेवा, छंद जोपासा, स्वतःसाठी वेळ काढा, हे सगळं वाचताना सारखं वाटत होतं की हे अशा माणसासाठी लिहिलंय ज्याच्याकडे वेळ आहे फक्त तो नीट वापरत नाही. ज्याच्या घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे त्याने हा वेळ काढायचा कुठून, हा प्रश्न लेखात कुठेच आला नाही, म्हणून हे पत्र लिहितेय.

मी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. घरी बाबांना स्ट्रोक येऊन उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं, म्हणजे त्यांना समजतं बरंचसं पण शब्द सापडत नाही. दिवसा हॉस्पिटलमध्ये पोस्टिंग, म्हणजे वॉर्डमधली ड्युटी, नाहीतर लेक्चर, रात्री बाबा, आणि मधल्या फटीत जमेल तसा अभ्यास. दिवसा आई बघते पण तिला एकटीला त्यांना वळवता येत नाही. त्यामुळे शिकणाऱ्या मुलीचा ताण आणि घरी करणाऱ्या माणसाचा ताण असे दोन्ही मला माहिती आहेत, आणि दोन्हीचं मूळ मला एकाच ठिकाणी दिसतं.

वॉर्डमध्ये शिफ्ट बदलते तेव्हा हँडओव्हर होते, आम्ही नुसतं ओव्हर म्हणतो. जाणारी सिस्टर येणाऱ्या सिस्टरला घेऊन प्रत्येक बेडजवळ जाते आणि सांगते, यांचं बीपी सकाळी वाढलं होतं, डॉक्टरांना कळवलंय, दुपारचा डोस दिलाय, यांना आता डाव्या कुशीवर घ्यायचंय, यांच्या कॅथेटरकडे लक्ष ठेवा. येणारी ऐकते, चादर बाजूला करून पाठ बघते, काही शंका असली तर तिथेच विचारते. हे झालं की जाणारी मोकळी. म्हणजे ती थकलेली असते, पाय दुखत असतात, पण त्या पेशंटची जबाबदारी त्या क्षणापासून दुसऱ्या जाग्या माणसाकडे असते आणि हे तिला पक्कं माहिती असतं, म्हणून ती घरी जाऊन झोपू शकते. घरी ओव्हर घ्यायला कोणी येतच नाही. ड्युटी चालू होते ती चालूच राहते, तुम्ही झोपलात तरी एक कान जागा, अंघोळीला गेलात तरी दार थोडं उघडं, परीक्षेच्या हॉलमध्ये बसलात तरी डोक्यात चालू असतं की आईने बाबांना एकटीने वर ओढलं तर नसेल ना.

माझं म्हणणं एवढंच आहे की ताण कामाचा कमी आणि हे काम कधीच दुसऱ्याच्या हातात न जाण्याचा जास्त असतो. काम मी वॉर्डमध्ये घरापेक्षा जास्तच करते, तरी तिथे इतकी पिळवटून जात नाही.

यामागे शरीराचं साधं गणित आहे. धोका दिसला की आधी अॅड्रिनलिन हे हार्मोन वाढतं, हृदय जोरात चालतं, श्वास वाढतो, मग थोड्या वेळाने कॉर्टिसॉल हे दुसरं हार्मोन येतं आणि शरीराला इंधन पुरवत राहतं. धोका गेला की हे सगळं उतरायला हवं, ही व्यवस्था थोड्या वेळासाठीच बनलेली आहे. ताणावर संशोधन करणारे शास्त्रज्ञ हान्स सेली यांनी १९३६ मध्ये हेच मांडलं होतं की शरीर आधी सावध होतं, मग टिकाव धरतं, आणि ताण हटलाच नाही तर शेवटी थकून जातं. आता ज्या घरात धोका जातच नाही तिथे उतरायचं कधी? १९९५ मध्ये जॅनिस किकोल्ट-ग्लेझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अभ्यास केला होता, डिमेन्शिया म्हणजे स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाईकाची देखभाल करणाऱ्या बायका आणि त्याच वयाच्या, अशी जबाबदारी नसलेल्या बायका, दोघींच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची छोटीशी जखम मुद्दाम करून ती किती दिवसांत भरते ते बघितलं. देखभाल करणाऱ्यांची जखम भरायला सरासरी ९ दिवस जास्त लागले. म्हणजे "मनाला लावून घेऊ नकोस" असं आपण ज्याला म्हणतो ते कातडीपर्यंत पोचलेलं असतं.

दुसरा अभ्यास १९९९ चा, शुल्झ आणि बीच यांचा. वयस्कर जोडप्यांमध्ये आजारी जोडीदाराचं करणारे आणि त्याचा ताण जाणवणारे जे लोक होते, त्यांचं ४ वर्षांतलं मृत्यूचं प्रमाण इतरांच्या तुलनेत ६३ टक्क्यांनी जास्त निघालं. हा आकडा बऱ्याच ठिकाणी घाबरवायला वापरतात पण त्याचा दुसरा अर्धा भाग कोणी सांगत नाही, तो असा की ज्यांना देखभाल करूनही ताण जाणवत नव्हता त्यांच्यात हा धोका वाढलेला दिसला नाही. मला यातून खूप आशा वाटते, कारण याचा अर्थ आपल्या माणसाचं करणं हे मुळात माणसाला मारत नाही, ज्या अवस्थेत ते करावं लागतं ती अवस्था मारते, आणि अवस्था बदलता येते.

ती बदलायची कशी तर मला कळलेला सगळ्यात उपयोगी उपाय म्हणजे घरात ओव्हर सुरू करणं. आमच्याकडे एक साधी वही आहे, बाबांच्या उशाजवळच्या टेबलावर असते. त्यात औषध कोणतं, किती वाजता दिलं, शेवटचं कोणत्या कुशीवर घेतलं, लघवी किती वेळापूर्वी झाली, पोट साफ झालं का, आणि शेवटी एक ओळ त्यांच्या मनाची, म्हणजे आज चिडचिड आहे, आज रडले, आज खिडकीजवळ बसायचं खुणेने सांगितलं. जो कोणी त्यांच्याजवळ बसेल त्याने लिहायचं आणि उठताना पुढच्याला वाचून दाखवायचं. सुरुवातीला दादा म्हणाला घराचं हॉस्पिटल केलंस. पण आता तोच ती वही बघून बसतो आणि मला फोन करून विचारत नाही की गोळी कुठली द्यायची, हे फोन बंद होणं ही माझ्यासाठी सगळ्यात मोठी विश्रांती आहे. माझ्या डोक्यात जे सतत फिरत असायचं ते आता वहीत आहे आणि वही कोणीही उघडू शकतो.

पण नुसती वही चालत नाही, बसणाऱ्या माणसाला काम हाताने शिकवावं लागतं. मी दादाला शिकवलं. बाबांच्या खाली खांद्यापासून मांडीपर्यंत आडवी दुमडलेली चादर असते, तिला ड्रॉ शीट म्हणतात, वर सरकवायचं असेल तर काखेत हात घालून ओढायचं नाही, आणि लुळ्या पडलेल्या हाताला धरून तर कधीच नाही, खांदा निखळतो. दोघांनी दोन बाजूंनी ती चादर अंगाजवळ घट्ट धरायची, गुडघे वाकवायचे, तीन म्हणायचं आणि एकदम सरकवायचं. कुशीवर घेतलं की दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी, टाचा गादीला टेकणार नाहीत अशा. मग माकडहाड आणि टाच बघायची. लाल दिसलं तर बोटाने दाबून सोडायचं, दाबल्यावर तो लालपणा फिका होऊन परत आला तर बाजू बदलून त्या जागेवरचा भार काढायचा, आणि दाबूनही लालच राहिला तर तो बेडसोर, म्हणजे सतत पडून राहिल्याने होणारी जखम, सुरू होत असल्याचा इशारा आहे, वहीत लिहायचं आणि डॉक्टरांना किंवा सिस्टरला दाखवायचं. हे शिकायला फार वेळ लागत नाही. ज्याला हे येतं तोच खरी ओव्हर घेऊ शकतो, बाकीचे नुसते खुर्चीत बसतात आणि दर थोड्या वेळाने हाक मारतात.

बोलण्याचंही तसंच. बाबांना शब्द सापडत नाही तेव्हा येणारे नातेवाईक घाईने वाक्य पूर्ण करून टाकतात, पाणी हवंय का, पंखा लावू का, एकामागून एक, आणि बाबा चिडून मान फिरवतात, मग पाहुणे म्हणतात स्वभाव बदललाय हो. स्वभाव बदललेला नाहीये. त्यांना थोडा वेळ द्या, एका वेळी एकच प्रश्न विचारा आणि तो हो किंवा नाही म्हणून संपेल असा विचारा, डोळ्यात बघून थांबा. पाहुणे गेल्यावर त्यांना शांत करण्यात माझी जी संध्याकाळ जाते ती फक्त एवढ्याने वाचते.

आता नातेवाईकांविषयी. "काही लागलं तर सांग हं" हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय. म्हणणारे मनापासून म्हणतात यात शंका नाही. पण या वाक्याने काम माझ्याच गळ्यात राहतं, कारण कधी सांगायचं, कोणाला, त्यांना अडचण होईल का, मागच्या वेळी त्यांनाच विचारलं होतं का, हे सगळं परत मीच ठरवायचं. माझी मावशी मात्र असं म्हणाली नाही, ती म्हणाली मंगळवारी चार ते सात मी बसणार, तू घरात थांबायचं नाहीस. त्या तीन तासांत मी लायब्ररीत जाते किंवा मैत्रिणीच्या खोलीवर जाऊन नुसती झोपते, आणि खरं सांगायचं तर सोमवारपासूनच बरं वाटायला लागतं कारण उद्या मंगळवार आहे. ठरलेला वेळ मिळण्याआधीपासूनच उपयोगी पडतो. अचानक मिळालेल्या वेळात असं होत नाही, त्यात निम्मा वेळ काय करू यातच जातो.

हे काम बहुतेक घरांत बाईवरच पडतं हेही बोललं पाहिजे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०१८ च्या अहवालात जगभरातल्या बिनपगारी देखभालीच्या कामाचे ७६.२ टक्के तास बायका देतात असं म्हटलंय. मुलगा असला की "त्याला जमत नाही" आणि मुलगी नर्सिंग शिकत असली की "तिला सगळं येतंच", अशी वाटणी कोणी न बोलता होऊन जाते. मला येतं हे खरं आहे. पण येतं म्हणून चोवीस तास मीच करावं असं कुठल्याही वॉर्डमध्ये होत नाही, तिथे सगळ्यात अनुभवी सिस्टरलाही शिफ्ट संपल्यावर घरी पाठवतात.

झोपेवर थोडं जास्त लिहिते कारण विद्यार्थी इथेच सगळ्यात जास्त फसतात. आमच्या बॅचमध्ये कमी झोपण्याची जवळजवळ स्पर्धा असते, चार तासांत भागतं मला, सवय झालीये आता. व्हॅन डोंगन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये लोकांना सलग १४ दिवस रोज ६ तासच झोपू दिलं, तर शेवटी त्यांची लक्ष देण्याची क्षमता एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाइतकी घसरली होती, आणि यातली खरी भीतीदायक गोष्ट ही की त्यांना स्वतःला ते फारसं कळतच नव्हतं, सवय झालीये असंच त्यांना वाटत होतं. १९९७ मध्ये डॉसन आणि रीड यांनी दाखवलं की सलग १७ तास जागं राहिल्यावर माणसाचे हात आणि डोकं रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखे चालतात. असा माणूस इंजेक्शनचा डोस मोजतोय. म्हणून झोप ही चैन आहे असं मला कोणी म्हटलं की मी ऐकून घेत नाही, ती पेशंटच्या सुरक्षेची गोष्ट आहे. घरी रात्री दर दोन तासांनी वळवायचं असतं तेव्हा आम्ही रात्र दोन भागांत वाटली, पहिला भाग दादाचा, दुसरा माझा. सलग चार-पाच तास मिळाले तरी तुटक तुटक सात तासांपेक्षा डोकं जास्त ताजं राहतं हा माझा अनुभव आहे.

अभ्यासासाठीही एक गोष्ट सांगते. वेळ कमी असला की आपण तेच पान परत परत वाचतो, अधोरेखित करतो, आणि वाटतं झालं. रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६ च्या प्रयोगात परत परत वाचणारे पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुढे होते, पण आठवड्याने घेतलेल्या चाचणीत एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिणारे पुढे गेले. मी बाबांचा व्यायाम घेताना, म्हणजे लुळ्या हाताची बोटं एकेक करून उघडताना, त्यांना मोठ्याने धडा सांगते. पुस्तक बंद. अडलं की कळतं कुठे कच्चं आहे. आणि बाबांना कोणीतरी आपल्याशी माणसासारखं बोलतंय हे आवडतं, ते मान हलवतात.

श्वासाचे व्यायाम वगैरे निरुपयोगी आहेत असं मी म्हणत नाहीये. सावकाश श्वास घेऊन त्याहून सावकाश सोडला, मिनिटाला साधारण सहा, तर हृदयाचे ठोके शांत व्हायला मदत होते, वॉर्डमध्ये शिरण्याआधी मी करते. पण तो उपाय त्या मिनिटापुरता आहे. तो दाखवून कोणी म्हणत असेल की आता बाकी सगळं तुझ्यावर, तर ते मला मान्य नाही.

एक गोष्ट मात्र व्यायामाने जात नाही आणि ओव्हरनेही जात नाही, तिला नाव द्यायला हवं. बाबा समोर आहेत, त्यांचा हात माझ्या हातात आहे, आणि तरी जे बाबा मला गणित शिकवायचे, फोनवर मोठ्याने हसायचे, ते नाहीत. अशा दुःखाला रडायची जागा नसते कारण लोक म्हणतात, अगं आहेत ना ते. पॉलिन बॉस नावाच्या संशोधक बाईंनी यावर आयुष्यभर काम केलंय, माणूस शरीराने आहे पण पूर्वीसारखा नाही हे नुकसान खरं असतं आणि ते धूसर असल्यामुळेच जास्त छळतं असं त्या मांडतात. हे वाचल्यावर मला मोकळं रडता आलं. ज्यांना वाटतं आपण कृतघ्न आहोत म्हणून आपल्याला वाईट वाटतंय, त्यांनी हे समजून घ्यावं, हा शोक आहे.

आणि काही वेळा हे सगळं पुरत नाही. झोपायला वेळ असूनही झोप येत नाही, पेशंटला हिसका द्यावासा वाटतो, कशातच काही वाटेनासं होतं, आपण नसतो तर बरं झालं असतं असे विचार यायला लागतात, तेव्हा घरगुती उपाय करत बसायचं नाही, त्याच दिवशी कोणाला तरी सांगायचं आणि डॉक्टरकडे जायचं. वैद्यकीय विद्यार्थ्यांवरच्या चाळीसहून जास्त देशांतल्या अभ्यासांचा २०१६ मध्ये एकत्र आढावा घेतला गेला तेव्हा सुमारे २७ टक्के विद्यार्थ्यांमध्ये नैराश्य किंवा त्याची लक्षणं दिसली, सुमारे ११ टक्क्यांच्या मनात आत्महत्येचे विचार येऊन गेले होते, आणि नैराश्याच्या चाचणीत आढळलेल्यांपैकी उपचार घ्यायला गेलेले फक्त १६ टक्क्यांच्या आसपास. रोज दुसऱ्यांना उपचार घ्या म्हणून समजावणारी ही मुलं आहेत. त्यांना भीती असते की रेकॉर्डवर येईल, कमजोर समजतील. ही भीती घालवणं हे शिक्षकांचं काम आहे.

कॉलेजांना म्हणूनच माझी विनंती आहे. ताण-व्यवस्थापनावर लेक्चर ठेवता तेव्हा ते नाईट करून आलेल्या मुलींच्या झोपेच्या वेळेत ठेवू नका. पोस्टिंगचा रोस्टर, म्हणजे ड्युटीचं वेळापत्रक, एक महिना आधी लावा, कारण घरी पेशंट असलेल्या विद्यार्थ्याला त्यावर घरातल्या सगळ्यांच्या पाळ्या ठरवायच्या असतात, आदल्या रात्री ग्रुपवर मेसेज टाकून ड्युटी बदलली की पाच माणसांचं वेळापत्रक कोसळतं. कोणाच्या घरी असं माणूस आहे हे वर्षाच्या सुरुवातीला एकदा शांतपणे विचारा. डॉक्टरांच्या जिनिव्हा प्रतिज्ञेत २०१७ मध्ये स्वतःच्या आरोग्याकडे लक्ष देण्याचं वचन घातलं गेलं, चांगल्या दर्जाची सेवा देता यावी म्हणून. प्रतिज्ञा विद्यार्थ्याने घ्यायची आणि रोस्टर दुसऱ्याने लावायचा, तर ती पाळणार कशी?

तुम्हालाही एक विनंती. पुढच्या वेळी ताणावर पान काढाल तेव्हा ते करणाऱ्या बाईला उद्देशून न काढता तिच्या आजूबाजूच्यांना उद्देशून काढा, भावाला, नवऱ्याला, शेजारच्या काकूंना, ऑफिसातल्या साहेबांना. त्यात कुठल्या तरी अनुभवी सिस्टरकडून कुशीवर कसं घ्यायचं, चादरीने वर कसं सरकवायचं, घास भरवताना मान कशी ठेवायची याची चित्रं काढून घेऊन छापा, म्हणजे लोक ते कापून भिंतीला लावतील.

पत्र लांबलंय याची कल्पना आहे. जागेअभावी कापावं लागलं तर अभ्यासाचा आणि श्वासाचा भाग कापलात तरी चालेल, पण वहीचा, ड्रॉ शीटचा आणि मावशीच्या मंगळवारचा भाग कृपया तसाच ठेवा.

आपली,
नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाची एक विद्यार्थिनी